खिचडीच्या आधीची अंगणवाडी

आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही गावात, तळेगावात म्हणा की साहूरला, अंगणवाडी कशासाठी असते असे विचारले तर उत्तर साधारण ठरलेले असते. खिचडी मिळते, टीएचआरची पाकिटे मिळतात, पोलिओचा डोस देतात, महिन्याला वजन करतात. यात चूक काही नाही. पण ज्या बाईंनी अंगणवाडी हा शब्द रूढ केला, त्यांच्या अंगणवाडीत खिचडीच्या आधी बरेच काही होते. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव दोन ओळींत येऊन जाते. आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढायचे कारण वेगळे आहे. गरीब घरातले मूल आणि सुस्थितीतल्या घरातले मूल यांच्यातले अंतर पहिलीचा वर्ग सुरू होण्याआधीच पडते, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. ते अंतर कमी करायचे तर शाळेनेच उठून मुलाच्या अंगणात जायचे, असा त्यांचा उपाय होता.

हे अंतर कल्पनेतले नाही, ते टेपने मोजता येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले खुजी आढळली, म्हणजे त्यांची उंची वयाच्या मानाने कमी होती. देशभराचे आकडे सामाजिक गटांनुसार पाहिले तर अनुसूचित जमातींत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास, अनुसूचित जातींत ३९ आणि या गटांत किंवा इतर मागासवर्गात न मोडणाऱ्या घरांत ३० च्या आसपास आहे. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या आरोग्यात जशी दरी आहे, तशी आपल्याकडे ती जातीची, जमातीची आणि आईच्या शाळेच्या इयत्तांची आहे.

खुजेपणाला पुष्कळ घरांत कोणी आजार मानत नाही. बाप बुटका, म्हणून लेक बुटका, असे म्हणून विषय संपतो. खरे पाहता पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल वाढायचे थांबते तेव्हा त्याची कारणे बहुधा एकत्र आलेली असतात. गरोदरपणात आईला रक्त कमी असते, बाळाला वरचे अन्न उशिरा आणि पातळ मिळते, हगवण पुन्हा पुन्हा होते, पाणी आणि परसाकडची सोय धड नसते. शरीराला कमी पडते तेव्हा मेंदूलाही कमी पडते. जन्मानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. पेशींची जोडणी होण्याचा हाच काळ. त्यासाठी लोह आणि प्रथिने तर लागतातच, शिवाय बोलणारे, खेळवणारे, गोष्ट सांगणारे माणूसही लागते. हे शेवटचे वाक्य विज्ञानाने गेल्या काही दशकांत सिद्ध केले. ताराबाई त्यावर १९४५ पासून काम करत होत्या.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींना शिकवणे हे त्या घरात वादाचा विषय नव्हते, आणि त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हे. १९१४ साली तारा केळकर बी.ए. झाल्या. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले आणि त्या वऱ्हाडात आल्या.

आष्टीकरांना अमरावती काही लांब नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हाच लागतो. कपाशीच्या पैशावर त्या काळात अमरावतीत वकिलीला बरकत होती. बंगला, क्लब, टेनिस असे तिथले ताराबाईंचे आयुष्य होते. वऱ्हाडातल्या कपाशीच्या वावरात वेचणीला जाणाऱ्या बाया आणि त्यांच्या पाठीवरची लेकरे त्यांनी तेव्हा पाहिलीच असणार. मात्र त्या लेकरांचे काम अजून त्यांच्या आयुष्यात आले नव्हते. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास, लहानग्या मुलीला, प्रभाला, घेऊन त्या वेगळ्या झाल्या. घटस्फोट हा शब्दसुद्धा घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई, असा तो काळ. एकट्या बाईने पोटचे मूल सांभाळत नोकरी करायची, ही गोष्ट पुढे त्यांच्या कामात उपयोगी पडली, असे माझे मत आहे. आई कामाला गेली तर मुलाकडे कोण पाहणार, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून त्या रुजू झाल्या. पगार चांगला, मानही चांगला. तरी १९२३ मध्ये ती जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सोडून बालशिक्षणात उतरलेले. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. मार नाही, घोकंपट्टी नाही, मुलांनी आपापल्या हातांनी करत शिकायचे, अशी तिथली रीत. ताराबाई नऊ वर्षे तिथे राहिल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मराठीतून शिक्षणपत्रिका चालवली आणि मारकुट्या मास्तरांच्या जमान्यात पालकांना बालमानस समजावून सांगितले.

या साऱ्यामागे मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत होती. येथे थोडे थांबायला हवे. हल्ली आर्वीपासून अमरावतीपर्यंत फलकांवर मॉन्टेसरी हा शब्द दिसला की पाठोपाठ फीचा आकडा आठवतो. मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर होत्या. आधी त्यांनी मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांबरोबर काम केले आणि १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. आई-बाप कामावर गेल्यावर दिवसभर उनाड हिंडणाऱ्या मुलांसाठी ते होते. म्हणजे ही पद्धत जन्माला आली गरिबांच्या चाळीत, आणि नावारूपाला येताच ती श्रीमंतांच्या बंगल्यात जाऊन बसली. तिची साधने महाग, खास सुतारकाम केलेली, मापात बसवलेली. भारतात ती परवडणार कोणाला?

ही अडचण ताराबाईंना मुंबईत चांगलीच जाणवली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. ते नावाजले आणि तिथे शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. पण येणारी मुले बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली. ज्या मुलांच्या घरी पुस्तक होते, दूध होते, गोष्ट सांगणारी आजी होती, त्यांनाच आणखी एक चांगली जागा मिळाली. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, ती मुले दाराबाहेर राहिली. शिक्षणाने दरी कमी होते असे आपण सरसकट म्हणतो. चांगल्या सोयी आधी सुस्थितीतल्या माणसापर्यंत पोचतात आणि म्हणून काही काळ दरी उलट वाढते, असा आरोग्यसेवेचाही अनुभव आहे. लस असो, दवाखाना असो की बालवाडी, नियम तोच.

त्याच सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यात दुसरी घडामोड चालू होती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी तिचा पल्ला वाढवला आणि जन्मापासूनचे शिक्षण तिच्यात धरले. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत पूर्व-बुनियादी, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार झाला. सेवाग्रामात शांताबाई नारूलकर अशी बालवाडी चालवत होत्या. तिथे मुलांची स्वच्छता, खाणे आणि आईशी बोलणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. ताराबाईंचा गांधीजींशी संबंध आधीपासूनचा. खेड्यांच्या देशात बालशिक्षण खेड्याला झेपेल असेच असले पाहिजे, हा आग्रह त्यांनी मनावर घेतला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नाव आणि संस्था दोन्ही उभी असताना, त्या दादर सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. चिकूच्या वाड्या, पारशी आणि गुजराती बागायतदार, आणि थोडे आत गेले की वारली आदिवासींचे पाडे. आचार्य भिसे यांच्यामुळे गावात शिक्षणाचे वातावरण होते. मात्र त्याच १९४५ साली आजूबाजूच्या मुलखात वारल्यांचा उठाव पेटला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबायचे, या लग्नगडी पद्धतीविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी वारल्यांना उभे केले होते. दोन्ही कामांच्या वाटा वेगळ्या. पण मुलांचे कुपोषण कशातून येते हे समजायला हा संदर्भ सोडून चालत नाही. ज्या आईचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, तिच्या लेकराला वेळेवर घास कसा मिळणार?

ग्राम बालशिक्षा केंद्र १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीत सुरू झाले. त्याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली. अनुताई बालविधवा, पस्तिशीच्या, नोकरी करणाऱ्या शिक्षिका. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि शेवटपर्यंत तिथल्याच होऊन राहिल्या.

बालवाडी उघडली, आणि जी मुले यायला हवी होती तीच आली नाहीत. गावातली बरी कपडे घालणारी मुले आली. हरिजनवस्तीतली आणि पाड्यांवरची मुले फिरकेनात. अंतराचा प्रश्न होता, संकोचाचा होता, शिवाशिवीचा होता, आणि अंगावर धड कापड नसल्याचाही होता. दुसरे कोणी असते तर आई-बापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा शेरा मारून मोकळे झाले असते. ताराबाईंनी तसे केले नाही. शिक्षिकेने सामान उचलायचे आणि वस्तीत जायचे, कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून, सारवून तिथेच मुले जमवायची, असे ठरले. एक मध्यवर्ती बालवाडी आणि तिच्या आसपास अंगणात भरणाऱ्या छोट्या बालवाड्या, अशी रचना तयार झाली. अंगणवाडी ती हीच.

सामान म्हणजे तरी काय? रोमहून किंवा मद्रासहून मागवलेले ठोकळे नव्हतेच. शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, बोटांना वळण लागायला मातीचे गोळे. मॉन्टेसरीच्या साधनांनी जे इंद्रियशिक्षण होते, तेच यांनी फुकटात होते. पैसे नव्हते ही गोष्ट खरी, आणि मुलांना आपल्याच परिसरातले सामान ओळखीचे वाटे ही गोष्टही तितकीच खरी.

दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. आधी अंघोळ, मग केस विंचरणे, नखे कापणे, खरजेवर आणि डोळ्यांवर औषध. आरोग्याच्या दृष्टीने याचा हिशेब सरळ आहे. खरूज झालेले मूल रात्री झोपत नाही, खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात. सतत आजारी पडणारे मूल खाल्लेले अन्न वाढीला लावू शकत नाही. शरीराची शक्ती जंतूंशी झगडण्यातच जाते. हात धुण्याची सवय हगवणीवर उपाय आहे, हे आज प्रत्येक आरोग्यसेविका सांगते. तिथे ती सवय गाण्यातून आणि खेळातून लावली जाई. आणि हे सारे आईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच अंगणात चाले. बंद इमारतीत शिकवलेले घरी पोचायला वेळ लागतो. अंगणातले आपोआप घरात जाते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले, थेट वारल्यांच्या वस्तीत. इथे ताराबाईंना मोठ्या मुलांचा पेच सोडवावा लागला. आठ-नऊ वर्षांची पोर शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा का येत नाही? तो गुरे वळायला जातो. हजेरीसाठी दंड करणे किंवा भाषणे देणे हे सरकारी उपाय होते. कोसबादला विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. पोरीने धाकट्याला घेऊनच यायचे. तो पाळणाघरात, ती वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथे शिक्षक जायचा, झाडाखाली गाणी, गोष्टी, मोजणी चालायची, आणि गुरांवर नजरही राहायची. ज्यांचा दिवस कामात जाई त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते. मुलाच्या परिस्थितीला नावे ठेवण्याऐवजी शाळेचे वेळापत्रक तिच्याप्रमाणे वाकवायचे, इतके साधे हे तत्त्व होते. साधे असूनही ते आजही कितीशा ठिकाणी पाळले जाते?

या कामाला पुढे विज्ञानाने जो दुजोरा दिला तो वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यिप्सिलँटी गावी १९६२ मध्ये, म्हणजे बोर्डीनंतर सतरा वर्षांनी, पेरी बालवाडीचा प्रयोग सुरू झाला. गरीब काळ्या कुटुंबांतली १२३ मुले निवडली. त्यातल्या ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात रोज अडीच तास खेळातून शिक्षण आणि आठवड्याला शिक्षिकेची घरभेट मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांत विरला, तेव्हा टीकाकारांनी प्रयोग फसला असे ठरवले. पण संशोधकांनी मुलांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. बालवाडीतली मुले जास्त संख्येने शालान्त शिक्षण पूर्ण करणारी, जास्त कमावणारी आणि कमी वेळा पोलिसांच्या हाती सापडलेली निघाली. उत्तर कॅरोलिनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तान्ह्या वयापासून संगोपन आणि शिक्षण मिळालेल्या मुलांपैकी पुरुषांचा रक्तदाब तिशीच्या मध्यावर तुलनेने कमी आढळला. लहानपणीच्या खेळाचा आणि मोठेपणीच्या रक्तदाबाचा संबंध असू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ते मोजलेले आहे.

आपल्याला सगळ्यांत जवळचा आहे तो जमैकाचा अभ्यास. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत नऊ महिने ते दोन वर्षे वयाची १२९ खुजी मुले घेतली. काहींना दोन वर्षे दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवी. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ आणि संवाद मिळालेल्या मुलांची कमाई, तो न मिळालेल्या खुज्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. धडधाकट उंचीच्या मुलांना त्यांनी गाठले होते. नुसत्या आहाराचा असा दूरवरचा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा कोणी काढू नये. पोट रिकामे असेल तर मूल खेळणारच नाही. मात्र नुसत्या पाकिटावर मेंदू वाढत नाही, हे त्यातून दिसते. करवंट्या आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन अंगणात जाणारी शिक्षिका आणि टाकाऊ डब्याचा खुळखुळा घेऊन जाणारी किंग्स्टनची सेविका, दोघींचे काम एकच होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आपल्या राज्यात पहिल्या प्रकल्पांपैकी एक मेळघाटातल्या धारणीचा. अमरावती जिल्हा ताराबाईंनी ज्या वयात सोडला होता, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी त्यांचा शब्द असा सरकारी फलकावर बसून तिथे परतला.

योजनेच्या सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारासाठी पाठवणे, आईला आरोग्य-आहाराचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. कागदावर सहाही सारख्या. प्रत्यक्षात ज्याची नोंद वरून रोज विचारली जाते ते काम आधी होते, आणि खेळाची नोंद कोण विचारतो? सेविकेला वजने, रजिस्टरे, मोबाईलवरचे पोषण ट्रॅकर, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, आणि वर मानधनासाठी आंदोलने. त्यात गोष्ट सांगायला उरतो किती वेळ? दोष तिचा नाही. राज्याने अंगणवाड्यांसाठी आकार नावाचा खेळांवर आधारलेला अभ्यासक्रम केलेला आहे, २०२३ पासून केंद्राचीही पोषण भी पढाई भी ही मोहीम आहे. सामान आणि वेळ मिळाला तर सेविका ते उत्तम करतात.

आणि केवळ बालवाडीने सारे साधत नाही, हेही त्याच मुलखाने दाखवले. १९९२ मध्ये कोसबादपासून फार दूर नसलेल्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली आणि राज्य हादरले. त्याच वर्षी सप्टेंबरात अनुताई गेल्या. मजुरी, रेशन, दवाखान्याची वाट आणि आईचे रक्त यांचा प्रश्न जिथे सुटत नाही, तिथे गाणी आणि करवंट्या कितीशा पुऱ्या पडणार? ताराबाईंनी पाळणाघर बालवाडीला जोडले ते याचसाठी. आईच्या कामाची वेळ आणि मुलाच्या जेवणाची वेळ या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

आष्टीकडे याचे रूप कपाशीच्या वेचणीत दिसते. दसरा-दिवाळीनंतर माय सकाळीच वावरात जाते. तान्हे झाडाला बांधलेल्या झोळीत, थोडे मोठे बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीचे नाव शाळेच्या हजेरीत गैरहजर. हे दोन-तीन महिने मुलाचे वजन सहज घसरते, कारण दिवसभरात त्याला दोनदाच खायला मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला तीन-चार वेळा घट्टसर अन्न आणि मध्ये काहीतरी खाऊ लागतो. वेचणीच्या दिवसांत अंगणवाडीची वेळ थोडी लवकर ठेवता येते का, मदतनिसाच्या मदतीने गावातली एखादी आजी लहानांजवळ थांबू शकते का, हे ग्रामपंचायतीत आणि महिला मंडळात बोलण्याजोगे विषय आहेत. ग्रामसभेत रस्ता आणि नाली यांवर तासभर चर्चा होते, अंगणवाडीवर पाच मिनिटेही होत नाही.

आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाबरोबर उंचीही लिहिली आहे का ते बघा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी त्याला आडवे झोपवून मोजतात, त्यापुढे उभे करून. तक्त्यावरची रेघ सपाट होऊ लागली की मूल हसतेखेळते दिसत असले तरी सेविकेशी बोला. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, अशा खुणा असतील तर मुलगे उशिराच बोलतात असे म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. तारीख सेविकेकडून आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.